लाटेवरचा खेळ आणि वाळूतले अंडे

इचलकरंजी : दिवाळी सरली की शहरातून समुद्राकडे निघणाऱ्या मोटारींची संख्या वाढू लागते. निपाणी, आजरा, आंबोली असे करीत घाट उतरायचा, सावंतवाडीमार्गे गोवा गाठायचा, दोन-तीन दिवस किनाऱ्यावर काढायचे आणि पुन्हा मागांच्या खडखडाटात परतायचे, हा येथील अनेक तरुणांचा नेम झाला आहे. पूर्वी समुद्रावर जाणे म्हणजे पाण्यात डुंबणे आणि फार तर बोटीतून एक चक्कर, एवढेच असे. आता त्यात सर्फिंगची, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्याच्या खेळाची भर पडली आहे. उत्तर गोव्यातील मोरजी, अश्वे, मांद्रे आणि हरमल या किनाऱ्यांवर हा खेळ शिकविणारे वर्ग हंगामभर चालतात.

मात्र ज्या वाळूवर ही फळी टेकवून ठेवली जाते, त्याच वाळूत त्याच महिन्यांत समुद्री कासवे अंडी घालतात. हीच अंडी काही दशकांपूर्वीपर्यंत सर्रास उकरून नेली जात, खाल्ली जात आणि विकली जात. आज ती उकरणे हा गंभीर गुन्हा आहे. अंड्यांची चोरी थांबविण्यासाठी पर्यटनाचा आधार घेतला गेला. आता तेच पर्यटन वाढून कासवांच्या मुळावर येते की काय, अशी शंका उपस्थित होत आहे. रानटी जिवाला मारण्यापेक्षा त्याला जिवंत दाखविण्यात अधिक पैसा आहे, असे सांगितले जाते. हे खरे आहे काय, आणि खरे असेल तर तो पैसा कोणाच्या हाती पडतो, हा या वादाचा गाभा आहे. समुद्राच्या पलीकडे, आफ्रिकेच्या वाळवंटी किनाऱ्यावर, हाच वाद अधिक उग्र स्वरूपात चालला आहे.

नामिबियाची लाट आणि सीलची शिकार

आफ्रिकेच्या नैऋत्येस नामिबिया हा देश आहे. तेथे नामिब वाळवंट थेट अटलांटिक महासागराला येऊन भिडते. दक्षिणेकडून येणाऱ्या बेंग्वेला या थंड प्रवाहामुळे किनाऱ्यावर दाट धुके पसरते. या धुक्यात फसून फुटलेली जहाजे आणि किनाऱ्यावर विखुरलेली देवमाशांची हाडे यांमुळे येथील उत्तरेकडील पट्ट्याला ‘स्केलेटन कोस्ट’, अर्थात सांगाड्यांचा किनारा असे नाव पडले.

या देशातील वॉल्विस बे या बंदराजवळ वाळूचा एक लांब दांडा समुद्रात शिरला आहे. सन 2007 मध्ये एका अमेरिकी मासिकाने संगणकावरील उपग्रह-नकाशातून सर्फिंगसाठी नव्या लाटा शोधण्याची स्पर्धा घेतली. तीत ब्रायन गेबल नावाच्या अमेरिकी गृहस्थाने या दांड्याशेजारची लाट दाखवून दिली. पुढच्याच वर्षी व्यावसायिक खेळाडू तेथे पोहोचले आणि त्यांची चित्रफीत जगभर गाजली. दक्षिणेकडून उसळणारा समुद्र या दांड्याच्या काठाला तिरका घासत पुढे सरकतो. त्यामुळे लाट एकाच वेळी न कोसळता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाने फुटत जाते. अनुकूल दिवशी ती सुमारे दोन किलोमीटरपर्यंत अशी फुटत राहते. जगातील सर्वांत लांब लाटांमध्ये तिची गणना होते. आसपास गाव नाही, झाड नाही. सोबतीला असतात ते केप फर जातीचे सील. जवळच्या पेलिकन पॉइंटवर त्यांची मोठी वसाहत आहे.

सीलची याहून मोठी वसाहत या बंदराच्या उत्तरेस केप क्रॉस येथे आहे. दिओगो काँव या पोर्तुगीज दर्यावर्द्याने 1486 मध्ये तेथे दगडी क्रूस उभारला, त्यावरून हे नाव रूढ झाले. आज ते संरक्षित क्षेत्र आहे. लाकडी पुलावरून चालत हजारो सील जवळून पाहण्यासाठी तेथे देशोदेशीचे पर्यटक येतात. दरवर्षी 1 जुलै ते 15 नोव्हेंबर या काळात याच ठिकाणी सीलची सरकारमान्य शिकारही चालते. आईच्या दुधावर असलेली पिले कळपापासून वेगळी काढून दंडुक्याने मारली जातात. मोठ्या नरांवर गोळी झाडली जाते. पिलांची कातडी वस्त्रांसाठी जाते, तर नरांच्या अवयवांना पूर्व आशियातील बाजारात मागणी असते. गेल्या दशकात अनेक वर्षे या शिकारीची मर्यादा वर्षाला 80 हजार पिले व काही हजार नर अशी होती. शिकार पहाटे आटोपली जाते, वाळू साफ केली जाते आणि त्यानंतर पर्यटकांसाठी फाटक उघडते. एकाच जागी दोन व्यवसाय चालतात, पण दोन्हींची गाठ पडू दिली जात नाही.

आकडे काय सांगतात?

नामिबिया सरकारची बाजू अशी : सील मोठ्या प्रमाणावर मासे खातात, मासेमारी हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा आधार आहे, आणि शिकारीतून गरीब कुटुंबांना हंगामी रोजगार मिळतो. शिवाय केप फर सील नामशेष होण्याच्या मार्गावर नाही. नामिबिया व दक्षिण आफ्रिका मिळून त्यांची संख्या पंधरा-वीस लाखांच्या घरात सांगितली जाते. तेव्हा ज्या निसर्गसंपत्तीचा तुटवडा नाही ती वापरण्याचा अधिकार आम्हाला का नसावा, असा त्यांचा सवाल आहे. नामिबियाच्या लोकायुक्तांनी 2012 मध्ये दिलेल्या अहवालातही ही शिकार कायदेशीर असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला.

विरोधकांचा मुख्य आक्षेप क्रौर्यावर आहे. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेने 1990 मध्ये सीलची शिकार थांबविली. युरोपीय संघाने 2009 मध्ये कायदा करून सीलच्या वस्तूंची बाजारपेठ बंद केली. कॅनडा आणि नॉर्वे यांनी त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. संघटनेच्या अपील मंडळाने 2014 मध्ये कायद्यातील काही सवलतींवर बोट ठेवले. मात्र लोकांच्या नैतिक भावनांच्या रक्षणासाठी अशी बंदी घालता येते, हे तत्त्व मान्य केले.

अर्थकारणाचा मुद्दाही पुढे आणला गेला. काही प्राणिकल्याण संस्थांनी करवून घेतलेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, 2008 या वर्षात नामिबियात सील पाहायला आलेल्या पर्यटकांनी सुमारे 20 लाख डॉलर खर्च केले, तर शिकारीचे उत्पन्न सुमारे पाच लाख डॉलर होते. म्हणजे जिवंत सील मेलेल्या सीलच्या चौपट मोलाचा ठरला. हा अभ्यास विरोधकांनी करविलेला असल्याने त्याकडे सावधपणे पाहावयास हवे. पण आकडे जसेच्या तसे खरे धरले तरी एक अडचण उरते. पर्यटकाचे डॉलर हॉटेल, विमान कंपनी आणि सहलसंयोजक यांच्याकडे जातात. दंडुका हाती घेणाऱ्या हंगामी मजुराला त्यातून काही मिळेलच असे नाही. दोन व्यवसायांची बेरीज-वजाबाकी देशाच्या हिशेबात करता येते, एका घराच्या चुलीवर ती करता येत नाही.

इचलकरंजीकरांना हा हिशेब नवा वाटू नये. बाजारात कापडाचा भाव चढला म्हणून खर्चीवाल्या यंत्रमागधारकाची प्रतिपीक मजुरी त्याच प्रमाणात चढते असे नाही, हे या शहराने अनेकदा अनुभवले आहे. एखाद्या वस्तूचे एकूण मोल किती आणि ते कोणाकोणात कसे वाटले जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. किनाऱ्यावरच्या प्राण्यांच्या बाबतीतही हा फरक निर्णायक ठरतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या कोकणातच पाहावयास मिळते.

कासवाचा संसार

पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालणारे कासव प्रामुख्याने ‘ऑलिव्ह रिडले’ जातीचे असते. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ सुमारे दोन ते सव्वादोन फूट लांब आणि वजन 35 ते 45 किलोच्या आसपास भरते. ओडिशाच्या गहिरमाथा व ऋषिकुल्या किनाऱ्यांवर हीच कासवे लाखोंच्या संख्येने एकाच वेळी येतात. कोकण व गोव्यात मात्र ती एकेकटी, रात्रीच्या अंधारात येतात. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा मुख्य हंगाम होय.

मादी भरतीच्या रेषेच्या वर सरकत येते, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते, त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू लोटून तो बुजविते आणि समुद्रात निघून जाते. पिलांना तोंड दाखविण्यासाठी ती परत येत नाही. साधारण 45 ते 60 दिवसांत वाळूच्या उबेने अंडी फुटतात. पिलू नर होणार की मादी, हेही वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली तर मादी पिले अधिक निपजतात. बाहेर पडलेले पिलू उजेडाच्या दिशेने धावते. निसर्गात हा उजेड मोकळ्या समुद्रावरच्या आकाशाचा असतो. किनाऱ्यावर प्रखर दिवे लागलेले असतील तर पिलू समुद्राकडे पाठ करून त्या दिव्यांकडे सरपटू लागते. मग ते कुत्र्यांच्या तोंडी पडते, किंवा सकाळच्या उन्हात वाळून जाते. हजार पिलांमागे एखादेच मोठे होते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणूनच एक घरटे वाचणे किंवा उकरले जाणे याला एवढे महत्त्व येते.

या जिवाचा प्रवासही थक्क करणारा आहे. भारतीय वन्यजीव संस्था व महाराष्ट्राचा कांदळवन विभाग यांनी 2022 च्या आरंभी कोकणात पाच कासवांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसविली. वेळास येथून सोडलेल्या पहिल्या कासवाचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. याउलट, 2021 मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे पूर्णपणे वेगळी आहेत, या समजाला त्यामुळे धक्का बसला.

वेळासने काय केले?

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव नाना फडणवीसांचे म्हणून इतिहासात परिचित आहे. सन 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी या भागात फिरत होते. त्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले आणि उकरलेली घरटी आढळली. चौकशीअंती अंड्यांची चोरी ही नित्याची बाब असल्याचे उघड झाले. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून अस्तित्वात होता. समुद्री कासव त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत आहे. त्याला अथवा त्याच्या अंड्यांना हात लावणाऱ्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. पण अंधाऱ्या किनाऱ्यावर कायद्याचा पहारा कोण करणार, हा प्रश्न होता.

भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने पहारा ग्रामस्थांकडेच सोपविला. गावकऱ्यांनी पहाटे किनारा धुंडाळायचा, मादीच्या पावलांचा माग काढून घरटे शोधायचे, अंडी जपून उचलायची आणि किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात तशाच आकाराचा व खोलीचा खड्डा करून त्यात ठेवायची, अशी पद्धत ठरली. पहिल्याच हंगामात सुमारे 50 घरटी वाचली आणि अडीच हजारांहून अधिक पिले समुद्रात गेली.

या कामाला खर्च येतो आणि तो दरवर्षी येतो. देणग्यांवर तो किती दिवस चालणार? त्यातून 2006 मध्ये ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. पर्यटकांनी पिले समुद्रात जाताना पाहायला यावे, गावातील घरांतच उतरावे, घरचे जेवण घ्यावे आणि पैसे थेट त्या घराला द्यावेत, अशी ही साधी व्यवस्था होती. घरट्यांवर टोपल्या झाकून ठेवतात; सकाळी आणि सायंकाळी त्या उचलल्या जातात. बाहेर आलेली पिले दोरीच्या आत वाळूवर सोडली जातात व ती स्वतःच्या बळावर लाटांपर्यंत जातात. एखाद्या दिवशी एकही पिलू निघत नाही आणि पर्यटकाला रिकाम्या हाताने परतावे लागते. तरीही लोक येत राहिले. आंजर्ले, गुहागर यांसह रत्नागिरी, सिंधुदुर्ग व रायगड जिल्ह्यांतील अनेक किनाऱ्यांवर नंतर हीच पद्धत रुजली. वन खाते व कांदळवन विभाग त्यात उतरले. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला 2017 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा कोकणातील कासव संवर्धनाची पार्श्वभूमी देशभरातील प्रेक्षकांसमोर आली.

वेळासच्या यशाचे मर्म पर्यटकांच्या संख्येत नाही. अंडी उकरणारा, घरटे राखणारा आणि पाहुण्याला जेवू घालणारा हे एकाच गावातले, कित्येकदा एकाच घरातले होते. त्यामुळे जिवंत कासवाचे मोल ज्याला अंडे सोडून द्यावे लागले त्याच्याच पदरात पडले. नामिबियात नेमके हेच घडलेले नाही.

मोरजीतील पेच

गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोरजीची कथा वेगळ्या वळणाने गेली. शापोरा नदीच्या मुखाजवळील तेंबवाडा या भागात कासवे पिढ्यानपिढ्या येत. येथेही अंडी नेण्याची रीत होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्याच्या वन खात्याने स्थानिक मच्छीमारांना हाताशी धरून घरट्यांचे रक्षण सुरू केले. दक्षिणेकडील गालजीबाग व आगोंद हे किनारेही त्यात आले. अंड्यांची चोरी पुष्कळशी थांबली.

त्याच सुमारास मोरजीकडे परदेशी, विशेषतः रशियन पर्यटकांचा ओघ सुरू झाला. पाठोपाठ शॅक, उपाहारगृहे, दिव्यांच्या माळा आणि रात्रीचे संगीत आले. केंद्र सरकारच्या 2011 च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, गालजीबाग व आगोंद या किनाऱ्यांचा कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे म्हणून स्वतंत्र उल्लेख करण्यात आला आणि निश्चित केलेल्या क्षेत्रात विकासकामांना मनाई करण्यात आली. बांधकामे, दिवे आणि आवाज यांवरून प्रकरणे वारंवार न्यायालयात व हरित लवादासमोर गेली. जानेवारी 2023 पासून पेडणे तालुक्यातच मोपा विमानतळ सुरू झाला असून या किनाऱ्यांवरील वर्दळ वाढण्यास आणखी एक कारण मिळाले आहे.

सर्फिंग या गर्दीत तुलनेने अलीकडचे. भारतात या खेळाची संघटित सुरुवात 2004 च्या सुमारास कर्नाटकातील मुल्की येथील आश्रमातून झाली. राष्ट्रीय महासंघ 2011 मध्ये स्थापन झाला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 साली, हा खेळ प्रथमच ऑलिंपिकच्या मैदानात उतरला. त्यानंतर त्याची ओढ अधिक वाढली. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्र खवळलेला आणि धोकादायक असतो. नवख्यांना झेपतील अशा लहान, नियमित लाटा ऑक्टोबरनंतर मिळतात. नेमका हाच कासवांचा हंगाम.

खुद्द सर्फिंगने कासवाचे फारसे नुकसान होत नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. या खेळाला इंजिन लागत नाही, इंधन लागत नाही, आवाज होत नाही. आणि तो दिवसा खेळला जातो, तर कासव रात्री येते. वेगाने धावणाऱ्या यांत्रिक बोटी व जलस्कूटर यांची धडक, किनाऱ्यावर चालविलेल्या मोटारी आणि रात्रभर जळणारे दिवे हे धोके कितीतरी मोठे आहेत. अडचण आहे ती खेळाच्या मागोमाग उभ्या राहणाऱ्या गावाची. लाट चढायला आलेला माणूस सायंकाळी समुद्राकडे तोंड केलेली खोली मागतो, त्या खोलीला दिवा लागतो आणि दिव्याखाली पिलाची वाट चुकते. या खोलीचे भाडे अनेकदा गावाबाहेरच्या गुंतवणूकदाराला जाते. घरटे राखणाऱ्या स्थानिकाच्या वाट्याला हंगामापुरती रोजंदारी येते. वेळासमध्ये जुळलेली साखळी येथे तुटते.

जाळ्यातले कासव

वाळूवरचे अंडे वाचले तरी समुद्रातले कासव वाचतेच असे नाही. कासवाला श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर यावे लागते. कोळंबीसाठी समुद्रतळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात ते सापडले आणि वेळेत बाहेर पडले नाही, तर गुदमरून मरते. यावर उपाय म्हणून जाळ्यात तिरकी जाळीदार चौकट बसवितात. कोळंबी चौकटीच्या फटींतून मागे जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडते.

हे यंत्र न वापरणाऱ्या देशांची कोळंबी घ्यायची नाही, असा कायदा अमेरिकेने 1989 मध्ये केला. भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांनी 1996 मध्ये त्याविरुद्ध तक्रार केली. जागतिक व्यापार संघटनेने 1998 मध्ये अमेरिकेने कायदा ज्या पक्षपाती रीतीने राबविला त्याविरुद्ध निकाल दिला. पण कासव वाचविण्याचा हेतू वैध मानला. पुढे 2019 मध्ये अमेरिकेने भारतातील समुद्रात पकडलेल्या कोळंबीवर याच कारणासाठी बंदी घातली. तळ्यात वाढविलेल्या कोळंबीला ती लागू नव्हती, त्यामुळे फटका बसला तो समुद्रात जाणाऱ्या मच्छीमारांना. झडपेतून कासवाबरोबर मासळीही निसटते, अशी त्यांची भीती आहे. हाताशी आलेला माल सोडून देण्याची किंमत आम्हीच का मोजावी, हा त्यांचा प्रश्न नामिबियाच्या सील पकडणाऱ्या मजुराच्या प्रश्नापासून फार दूर नाही.

या प्रश्नाला महाराष्ट्राने एक व्यवहार्य उत्तर दिले आहे. राज्य सरकारने डिसेंबर 2018 मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार, जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखे संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी मच्छीमाराला जाळे कापावे लागले, तर त्याला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सुटकेचा पुरावा म्हणून छायाचित्रे सादर करावी लागतात. कायद्याने केवळ शिक्षेची भीती घातली असती, तर मेलेले कासव गुपचूप समुद्रात ढकलले गेले असते. भरपाईमुळे मच्छीमार स्वतः पुढे येऊन कासव सोडल्याची नोंद करू लागला.

पर्यटकाची जबाबदारी

सील आणि कासव यांच्या स्थितीत एक मोठा फरक आहे. केप फर सीलला नामशेष होण्याचा धोका नाही. तेथील वाद मुख्यतः क्रौर्याचा आहे. ऑलिव्ह रिडले जागतिक पातळीवर असुरक्षित मानले जाते, आणि कोकणातील एकेका घरट्याला म्हणूनच किंमत आहे. मात्र दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. शिकार किंवा चोरी थांबवा, असे सांगणारा बहुधा दुरून आलेला असतो, आणि थांबविण्याची झळ बसणारा किनाऱ्यावर राहणारा असतो. पर्यटनाने ही झळ भरून काढली तर वाद मिटतो. पर्यटनाचा पैसा वरच्या वर निघून गेला तर किनाऱ्यावरच्या माणसाला जुनी वाट पुन्हा खुणावू लागते.

यात इचलकरंजीहून जाणाऱ्या प्रवाशाच्या हाती काहीच नाही, असे नव्हे. सर्फिंग शिकायचे असेल तर कासवांसाठी राखीव पट्टा कोणता, हे आधी विचारावे आणि फळी घेऊन त्या बाजूने जाऊ नये. गाडी वाळूवर उतरवू नये. चाकाखाली दबलेल्या वाळूतून पिलांना वर येता येत नाही. सूर्यास्तानंतर किनाऱ्यावर विजेरी, मोबाइलचा झोत आणि शेकोटी टाळावी. अंडी घालत असलेली मादी दिसल्यास तिच्या समोर न जाता दूर थांबावे, छायाचित्रासाठी झगझगीत प्रकाश टाकू नये. पिलू हातात घेऊन समुद्रात सोडण्याचा मोह आवरावा. वाळूवरून स्वतः चालत जाणे हा त्याच्या वाढीचा भाग मानला जातो. शक्य तेथे गावातील घरातच मुक्काम करावा, तेथेच जेवावे. घरटे सापडले तर ते स्वतः न उकरता वन खात्याला किंवा गावातील कासवमित्रांना कळवावे.

यातील शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत सोप्या आणि सर्वांत परिणामकारक आहेत. समुद्रासमोरच्या झगमगत्या खोलीऐवजी वेळास-आंजर्ल्याच्या एखाद्या ओसरीवर अंथरूण पसरले, तर त्या रात्रीचे पैसे पहाटे किनारा धुंडाळायला उठणाऱ्या माणसाच्या घरात पडतात. पुढच्या हंगामात त्याने पुन्हा उठावे की नाही, हे पुष्कळसे त्यावरच अवलंबून आहे.